तीन कोपेक

उआझ एकोणीसशे त्र्याऐंशीची,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठी,
म्हणून घरात थोरली तीच.

मुर्गाबमध्ये ऑक्टोबर सरला की
रोज रात्री रेडिएटरचं पाणी काढून ठेवायचं,
बॅटरी उचलून घरात आणायची, चुलीपाशी,
निजवायची जुन्या नमद्यात गुंडाळून.
सकाळी ऑइल चेंबरखाली तेरेस्केनच्या काटक्यांचा जाळ,
बेताचाच,
मग हँडल.
अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा.
हे बापानं दोनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा हँडलनं.
अजून थंडीत तो अंगठा ठणकतो.

इथली हवा पातळ, पाहुणे वाढल्यावरच्या ताकासारखी.
कार्बोरेटरचा जेट मी बारीक केला आपल्या हातानं.
जोमार्तच्या कंटेनरमधून टोयोटाचा अल्टरनेटर आणला,
त्याचा ब्रॅकेट आमच्या पलंगाच्या पट्टीचा.
पलंग तेव्हापासून विटेवर आहे.

यंदा तिसरा गिअर टिकेना.
हात काढला की टुणकन न्यूट्रल.
मागे कळा देणारी बाई, पुढे अलिचूरचा उतार,
मी एका हातानं स्टीअरिंग धरलेलं,
दुसऱ्या हातानं दांडा दाबलेला,
आणि "जोर लावू नकोस अजून"
हे नक्की कुणाला म्हणत होते, आठवत नाही.

तोलोगोन मॉस्कोहून फोनवर म्हणाला, विकून टाक.
नाहीतर जपानी बॉक्स बसव, पॉवर स्टीअरिंग बसव,
व्हिडिओ बघून सगळं जमतं.
उंटावरून शेळ्या हाकायच्या तर
उंट तरी हवा.
याच्याकडे मेट्रोचा पास आहे.

रविवारी पायाखालचा पत्रा काढला.
बोल्टांवर आदल्या रात्रीच रॉकेल सोडून ठेवलेलं,
गंजाशी भांडू नये, त्याला झोपू द्यावं.
तरी एक तुटलाच.
बेगाइम टॉर्च धरून उभी, नऊ वर्षांची,
उजेड जिथे हवा तिथे सोडून सगळीकडे,
जास्त करून स्वतःच्या हनुवटीखाली, भूत म्हणून.

झाकण निघालं. काळं, दाट तेल.
गोळी निघाली, तिच्यामागे स्प्रिंग,
आणि स्प्रिंगच्या मागे
करंगळीच्या नखाएवढी एक चकती,
कुणीतरी कानशीनं घासून घासून गोल केलेली.
पेट्रोलमध्ये धुतली तर पितळ.
एक गव्हाची ओंबी, तिच्याशेजारी
तीनच्या आकड्याचं अर्धं पोट.

ही स्प्रिंग बापानं ओशहून नवी आणली होती.
तीन दिवस लागले होते त्याला,
आईच्या डब्यातले चाळीस रुबल लागले होते.
नवी स्प्रिंग, म्हणाला होता, कारखान्यातली.

आईनं चकती तळहातावर घेतली,
खिडकीशी नेली, उलटीसुलटी केली.
पस्तीस वर्षांचा हिशेब बराच वेळ चालला.
"प्यायला असेल,"
म्हणाली, आणि चहात मीठ टाकलं.
मग दुसऱ्यांदाही टाकलं,
आणि आम्ही तो तसाच प्यायलो.

जोमार्तकडची स्प्रिंग चकचकीत, चिनी,
पुडीवर गरुड.
बसवली. गोळी बसली. दांडा टाकून पाहिला:
टुणकन.
अर्धा मिलिमीटर कमी.

संध्याकाळ व्हायला आली होती.
मी एप्रनचे खिसे चाचपले.
पंचवीस दिरामचं एक नाणं निघालं.
वर पितळेचा मुलामा, आत लोखंड,
कानशीचे दात गेले, माझे दोन तास गेले.
बेगाइमनं एकदाचा उजेड बरोबर धरला
आणि विचारलं, नाणं घासलं तर पोलीस धरतात का?
गाडीत बसवलं तर नाही, म्हटलं.

अलिचूरपर्यंत जाऊन आले. तिसरा हलला नाही.
बापाची चकती आईनं मागितली नाही,
पण मिठाच्या बरणीखाली मला ती दिसली.

रात्री तोलोगोनला मेसेज टाकला:
स्प्रिंग बदलली. ओशहून आणली, कारखान्यातली.
चार हजार रुबल पाठव.